चित्राला नियत दिसत नाही

एक माणूस गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे. त्याच्या मागे एक तरुण उभा आहे आणि तरुणाचा हात तलवारीवर आहे. आपल्या पाठीमागे कोण आले आहे याची प्रार्थना करणाऱ्याला खबर नाही. चित्र एवढेच सांगते. फ्रेंच चित्रकार युजीन देलाक्र्वा (१७९८–१८६३) याने शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’वर १८३४ ते १८४३ या काळात शिळाछापाची सोळा चित्रे काढली, त्यांतले हे एक. ज्याने नाटक वाचलेले नाही अशा माणसासमोर हे चित्र ठेवावे आणि विचारावे, यातला गुन्हेगार कोण? तो तलवारवाल्याकडे बोट दाखवील. त्यात त्याची काही चूक नाही. समोर जे दिसते ते तसेच आहे.

आता नाटक काय म्हणते ते पाहू. गुडघे टेकलेला माणूस राजा क्लॉडियस आहे. त्याने सख्ख्या भावाला विष घालून मारले, त्याचे तख्त घेतले, त्याची बायकोही घेतली. आज मनाला टोचणी लागली म्हणून तो प्रार्थनेला बसला आहे. पण ज्या गोष्टींसाठी गुनाह केला त्या सोडायची त्याची तयारी नाही. मुकुट हवा, राणी हवी आणि माफीही हवी. आपल्याकडे मकतबातल्या पोरालाही तौबेच्या अटी पाठ असतात. गुनाहाची लाज वाटली पाहिजे, तो सोडला पाहिजे, पुन्हा न करण्याचा इरादा पाहिजे, आणि दुसऱ्याचा हक्क मारला असेल तर तो परत केला पाहिजे. क्लॉडियसला हे सगळे कळते, आणि आपली प्रार्थना फक्त तोंडाची आहे हेही तो स्वतःशी कबूल करतो.

मागे उभा असलेला तरुण म्हणजे मारल्या गेलेल्या राजाचा मुलगा हॅम्लेट. तो वार करीत नाही. चित्र पाहणाऱ्याला ते कळले तर वाटेल की प्रार्थना करणाऱ्यावर हात उचलणे त्याच्या जिवावर आले, त्याला दया आली. तसे मुळीच नाही. प्रार्थनेत असताना मारला तर हा जन्नतीत जाईल, मग सूड तो कसला, असा हॅम्लेटचा हिशेब आहे. हा नशेत असेल, पापात असेल, तेव्हा मारू. म्हणजे जीव जाईल आणि आखिरतही जाईल. म्हणजे जो प्रार्थना करताना दिसतो तो प्रार्थना करीत नाही, आणि जो थांबलेला दिसतो तो दयेने थांबलेला नाही. दोघांची नियत चित्रातून गळून पडली आहे. उरली आहे ती कृती.

या एका चित्रावरून आम्हाला पडलेला प्रश्न असा, की नियत दाखवता येत नाही असे चित्र माणसाबद्दल खरे सांगते की खोटे? आपण ज्या हदीसवर वाढलो तिच्यात अमलाचे मोल नियतीवर ठरते. मग नियत वगळून नुसता अमल दाखवणारी कला ही अन्यायाचीच कला म्हणावी काय?

नाटकाची गोष्ट वेगळी असते. नाटकात माणसाला जीभ असते. खुनी रंगमंचावर पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो आणि आपली बाजू मांडतो. आम्ही शाळेत हे रोज पाहतो. मारामारीत पकडलेला पोरगा पहिले वाक्य उच्चारतो ते “सर, मेरी बात तो सुनो.” प्रत्येकाजवळ त्याची ‘बात’ असते. नाटक ही ती बात ऐकून घेण्याची जागा. चित्रकार नाटकातला प्रसंग घेतो तेव्हा सर्वांत आधी तो ही जीभ काढून घेतो. हॅम्लेटसारखा बोलका राजपुत्र दुसरा नसेल. आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ नावाने त्याला मराठीत आणले, पारसी रंगभूमीने ‘खून-ए-नाहक’ म्हणून उर्दूत आणले, तिथेही तो बोलतच राहिला. दगडावर मात्र तो गप्प आहे.

दगडाबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाचकांचे या दगडाशी जुने नाते आहे. ही छपाई शोधून काढणारा आलोइस झेनेफेल्डर हा जर्मन गृहस्थ स्वतः नाटके लिहीत असे. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत या धडपडीत अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी त्याला ही युक्ती सापडली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचे, दगडावर डिंक आणि सौम्य आम्लाचा हात द्यायचा, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. पाणी आणि तेल एकमेकांना धरत नाहीत, म्हणून शाई फक्त खडूच्या रेघेला चिकटते. वर कागद दाबला की छाप तयार. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली छापलेले मराठी पंचांग याच तऱ्हेचे. फारसी, अरबी आणि उर्दू किताबांचा तर हा दगड म्हणजे आधारच होता. खिळ्यांच्या छपाईत नस्तालीकचे वळण बसत नव्हते, ते दगडाने सांभाळले. कातिब तेलकट शाईने खास कागदावर लिही, ते लिखाण दगडावर उतरे आणि दगडावर सगळे उलटे दिसे. तिथे चूक राहिली तर ती दुरुस्त करायला संगसाज असे. उलटी अक्षरे सुलट वळणात लिहिण्याचा त्याचा हात असे. असे हात आता कुठे राहिले? असो.

युरोपातल्या चित्रकारांना या दगडाचे आकर्षण वेगळ्या कारणाने वाटले. तोवर चित्र छापायचे तर बहुधा ते तांब्याच्या पत्र्यावर कोरणारा कारागीर मध्ये असायचा. दगडावर चित्रकाराचा स्वतःचा हात जसाच्या तसा उमटू लागला. खडू हवा तसा दाबावा, काळे फासावे आणि त्यातून खरवडून उजेड काढावा. फक्त उलटेपण सांभाळावे लागे. कागदावर तलवार उजव्या हाती दिसायला हवी, तर दगडावर ती डाव्या हाती द्यावी लागते.

देलाक्र्वाने हॅम्लेटच्या आधी याच पद्धतीने ‘फाउस्ट’ काढला होता, आणि आमच्या प्रश्नाला खरा धक्का बसतो तो तिथे. १८२५ साली तो लंडनला गेला असताना त्याने फाउस्टची कथा रंगमंचावर पाहिली आणि भारावून गेला. १८२८ साली पॅरिसमध्ये शार्ल मोत या प्रकाशकाने ग्योथेच्या नाटकाचा पहिला भाग फ्रेंच भाषांतरात काढला, त्यात देलाक्र्वाची सतरा चित्रे होती, शिवाय ग्योथेचे एक व्यक्तिचित्र. पुस्तक फारसे चालले नाही. अनेकांना ती चित्रे कुरूप वाटली. माणसांची अंगे वाकडी, चेहरे पिळवटलेले. पण खुद्द ग्योथेला ती त्याआधीच आवडली होती. १८२६ च्या नोव्हेंबरात यांतले काही नमुने त्याच्या हाती पडले, तेव्हा तो ७७ वर्षांचा होता आणि चित्रकार २८ वर्षांचा. आपणच कल्पिलेल्या प्रसंगांत या तरुणाने आपल्यालाही मागे टाकले, अशा अर्थाचे तो एकरमनजवळ बोलला. लेखकाने असे मान्य करणे ही साधी गोष्ट नाही. म्हातारा मोठा दिलदार होता.

फाउस्टची कथा आपल्या वाचकांना सर्वस्वी परकी नसेल. विद्येने थकलेला एक हकीम; सगळे शिकला आणि हाती काही लागले नाही म्हणून कडवट झालेला. सैतान, म्हणजे मेफिस्टोफेलिस, त्याच्याकडे येतो आणि दोघांत सौदा होतो. इकबालने ‘पयाम-ए-मशरिक’ (१९२३) लिहिले तेच ग्योथेच्या दिवाणाला उत्तर म्हणून, आणि त्यात एका छोट्या कवितेत ग्योथे जन्नतीत मौलाना रूमींना भेटतो आणि इब्लीस व हकीम यांच्या कराराचा किस्सा त्यांना ऐकवतो. त्या कवितेत सौदा आहे, अक्ल आणि इश्क आहे. ग्रेचेन नाही.

ग्रेचेन कोण? रस्त्याने जाणारी एक गरीब, साधी मुलगी. फाउस्टची नजर तिच्यावर पडते. पुढे जे घडते ते एका दमात सांगतो, कारण ते सांगायला फार वेळ लावू नये. तिच्या आईला झोप लागावी म्हणून फाउस्ट जे औषध देतो त्याने आई मरते. भाऊ जाब विचारायला येतो, तो फाउस्टच्या तलवारीने मरतो. तिला मूल होते, वेड्यासारखी होऊन ती ते पाण्यात बुडवते, आणि देहांताची शिक्षा झालेली ती तुरुंगात पडते. फाउस्ट त्या वेळी सैतानाबरोबर डोंगरावर चेटक्यांचा उत्सव पाहत असतो.

आता गंमत अशी, की ‘फाउस्ट’वर जे विद्वान लिहितात ते बहुधा सौद्यावर लिहितात. माणसाच्या ज्ञानाची तहान, अतृप्ती, अनंताची ओढ. हे सगळे नाटकात आहेच. फाउस्ट स्वतःच त्यावर पानेच्या पाने बोलतो आणि फार सुंदर बोलतो. ऐकता ऐकता आपण त्याच्या बाजूचे होतो. त्याची नियत वाईट नव्हती हो, तो तर सत्य शोधायला निघाला होता! देलाक्र्वाच्या सतरा चित्रांत मात्र रक्ताने सही करण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग नाहीच. फाउस्टच्या खोलीत सैतान हजर झालेला दिसतो, पण करार दिसत नाही. उलट ग्रेचेन पाच चित्रांत तरी आहेच. रस्त्यात तिला गाठलेले, चरख्यापाशी बसलेली, चर्चमध्ये कोसळत चाललेली आणि मागून कानाशी लागलेली एक काळी आकृती, मग डोंगरावर दिसलेली तिची छाया, आणि शेवटी तुरुंग.

चर्चच्या चित्रापाशी आम्ही फार वेळ थांबलो. वसवसा आपण ऐकून असतो. दिलात कुजबुजणारा तो, असे म्हणतो. इथे तो कुजबुजणारा तिच्या पाठीशी उभा आहे आणि आजूबाजूचे लोक आपापल्या प्रार्थनेत आहेत. कुणाचे लक्ष नाही. नाटकात तो आवाज तिला काय सांगतो ते ऐकू येते. चित्रात ऐकू येत नाही. तिच्या अंगाचे काय झाले एवढेच दिसते.

इब्लीसची तस्वीर काढणे आपल्याकडे सर्वस्वी झालेच नाही असे नव्हे. जुन्या इराणी आणि तुर्की किताबांत आदमपुढे न झुकणारा इब्लीस रंगवलेला आढळतो. पण देलाक्र्वाने आणखी एक केले. त्याचे मेफिस्टोफेलिस आणि फाउस्ट पुढे पुढे एकमेकांसारखे दिसू लागतात. तसाच वेष, तशीच झुकण्याची ढब, तेच टोकदार चेहरे. ग्रेचेनच्या भावाला मारून दोघे पळतात त्या चित्रात कोण कुठला हे क्षणभर शोधावे लागते. ‘सैतानाने मला भुलवले’ ही जी जगातली सर्वांत जुनी सबब आहे, ती त्या चित्रात टिकत नाही. कुरआनात कयामतीच्या दिवशी सैतान हेच म्हणणार असल्याचे आपण वाचतो. मी फक्त बोलावले, आलात तुम्ही, तेव्हा दोष मला देऊ नका.

इथे आमच्या मनात प्रश्न उलटला. नियत न दाखवणारे चित्र अन्यायी आहे असे आम्ही म्हणत होतो. पण अन्याय कुणावर? फाउस्टवर असेल. ग्रेचेनवर नाही. फाउस्टची जीभ काढून घेतली तेव्हाच ग्रेचेन दिसू लागली.

आपल्या उलेमांनी फार पूर्वीपासून दोन प्रकारचे हक्क वेगळे केलेले आहेत. हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद. पहिले अल्लाह आणि बंदा यांच्यातले. तिथे नियत पाहिली जाईल, आणि ती पाहणारा एकच आहे. दुसरे बंद्याचे बंद्यावर असलेले हक्क. तिथे नियत चांगली होती म्हणून हिशेब संपत नाही. फिकहमध्ये जाणूनबुजून केलेली हत्या, कत्ल-ए-अमद, आणि चुकून घडलेली, कत्ल-ए-खता, यांत मोठा फरक केला आहे. चुकून मारणाऱ्यावर किसास नाही. पण दियत आहे, कफ्फारा आहे. त्याचा इरादा नव्हता हे मान्य, तरी मेलेल्याच्या घरी माणूस कमी झाले हेही मान्य. आम्हाला वाटते, चित्र या दुसऱ्या खात्याचा गवाह आहे. पहिल्या खात्यात त्याने तोंड घालू नये.

आपल्या घरातलेच उदाहरण घ्या. रागाच्या भरात तीनदा बोलून मोकळा झालेला माणूस नंतर जमातीसमोर सांगतो की माझी तशी नियत नव्हती. कदाचित खरे असेल. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक बाद ठरवला, २०१९ साली कायदा आला, त्यावर आपल्यात मते दोन आहेत आणि ती असोत. आमचा मुद्दा कायद्याचा नाही. त्या दिवशी संध्याकाळी बापाच्या दारात एक पिशवी आणि एक मूल घेऊन उभी असलेली बाई, हे जे चित्र आहे, त्यात नवऱ्याची नियत कुठेच दिसत नाही. आणि दिसण्याची गरजही नाही.

हे लिहून झाले की लगेच दुसरे चित्र आठवते आणि आमचे पाऊल अडखळते. वर्तमानपत्रातले छायाचित्र. दोन पोलिसांच्या मध्ये तोंडावर काळे फडके बांधलेला तरुण, आणि खाली एक ओळ. छायाचित्रात खरे म्हणजे एका तरुणाच्या तोंडाला फडके बांधले आहे एवढेच दिसते. बाकी सगळे त्या ओळीतून येते आणि पाहणाऱ्याच्या डोक्यातून येते. तो निर्दोष सुटला तर त्या दिवशी असे छायाचित्र निघत नाही. मग चित्र गवाह असते हे आम्ही कसे म्हणावे?

तर फरक असा दिसतो. देलाक्र्वाच्या फाउस्टच्या चित्रांखालीही ओळी छापलेल्या होत्या, पण त्या नाटकातल्याच होत्या, पात्रांच्या तोंडच्या. ओळीवरून मागे जाता येत होते. ज्याला पूर्ण बात ऐकायची त्याला नाटक समोर होते, एकाच पुस्तकात, एकाच बांधणीत. वर्तमानपत्रातल्या छायाचित्रामागे नाटक नसते. ओळ लिहिणाराच गवाह आणि तोच काझी. गवाहाने पाहिले तेवढेच सांगावे हा आपल्याकडचा जुना दंडक. चित्राने कृती दाखवली तर ती गवाही झाली. चित्राच्या खाली नियत लिहिली तर तो निकाल झाला. आणि हे पाप फक्त वर्तमानपत्रवाल्यांचे आहे असे समजू नये. एसटी स्टँडवर कुणाची पोरगी कुणाशी बोलताना दिसली, एवढ्या चित्राखाली आपला मोहल्ला संध्याकाळपर्यंत पानभर मजकूर लिहून मोकळा होतो.

नववीच्या वर्गात आम्ही एकदा प्रार्थनेचे ते चित्र दाखवले होते. शेक्सपियर अभ्यासक्रमात नाही, पण मोकळा तास होता. गोष्ट सांगण्याआधी चाळीस मुलांनी तलवारवाल्याला गुन्हेगार ठरवले. गोष्ट सांगितल्यावर बहुतेकांनी मत फिरवले आणि राजाला शिक्षा द्यायला निघाले. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र हट्टाने म्हणाला, “सर, पण त्याला त्या वेळी कुठे माहीत होते की हा मनापासून करत नाही?” त्याचे म्हणणे बरोबर होते. राजाची प्रार्थना पोकळ आहे हे प्रेक्षकाला माहीत असते, हॅम्लेटला नसते. त्याच्यापुढेही आपल्यासारखे चित्रच होते. पाठमोरा, गुडघे टेकलेला माणूस.

आणि पुढच्याच प्रसंगात तो चुकतो. आईशी बोलत असताना पडद्यामागे हालचाल होते, आवाज येतो, राजाच असणार असे धरून हॅम्लेट पडद्यातून तलवार खुपसतो. मरतो तो पोलोनियस; म्हातारा, बडबड्या, दुसऱ्याचे ऐकण्याची खोड असलेला दरबारी. राजा समोर दिसत होता तेव्हा हाताने वार केला नाही, आणि काहीच दिसत नव्हते तेव्हा केला. पोलोनियसवर देलाक्र्वाने दोन दगड खर्च केले. एक हत्येचा, दुसरा हत्येनंतरचा. १८४३ साली त्याने हॅम्लेटची तेरा चित्रे स्वतःच्या खर्चाने काढली. सोळाही एकत्र छापली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर, १८६४ मध्ये. त्या दुसऱ्या चित्रात हॅम्लेट उभा आहे, पडदा बाजूला झाला आहे आणि खाली म्हातारा पडलेला आहे. नाटकात याच्यावर हॅम्लेट पुष्कळ बोलतो, आईला सुनावतो, थोडी थट्टाही करतो. त्याला राजाला मारायचे होते, याला नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहे. पोलोनियसची मुलगी ओफेलिया त्या चित्रात नाही. तिला अजून खबर मिळायची आहे.